घरांची टंचाई आणि जागेचे मोल

मुंबई गृहनिर्माण व क्षेत्रविकास मंडळाने २०२४ साली २,०३० सदनिकांसाठी सोडत काढली, तेव्हा अनामत रकमेसह एक लाखाहून अधिक अर्ज दाखल झाले. एका सदनिकेमागे पन्नासाहून अधिक कुटुंबे असे हे प्रमाण होते. याच शहरात २०११ च्या जनगणनेच्या वेळी सुमारे ४ लाख ८० हजार घरे कुलूपबंद आढळली होती, आणि त्याच जनगणनेनुसार शहराची सुमारे चाळीस टक्के लोकसंख्या झोपडपट्टीत राहत होती. एका बाजूस रिकामी घरे, दुसऱ्या बाजूस घरासाठी रांगेत उभी असलेली माणसे आणि तरीही चढेच राहणारे भाव, असे हे चित्र आहे.

हा प्रश्न केवळ मुंबईचा आहे असे समजण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर यांसारख्या शहरांच्या वेशीवरील गावांतून जमिनीचे भाव एकराऐवजी गुंठ्याने बोलले जाऊ लागले आहेत. ज्या गावातून नवा रस्ता जातो, तेथील शेतकऱ्याच्या दारी प्रथम दलाल येतो आणि आराखडा मागाहून पोहोचतो. यास्तव घरांचा पुरवठा कसा होतो, त्यांच्या किमती कशा ठरतात आणि त्यात स्थानिक संस्थांच्या निर्णयांचा वाटा किती असतो, हे लोकप्रतिनिधी, अधिकारी आणि शिक्षक या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

घर ही वेगळ्या प्रकारची वस्तू

कांद्याचा भाव वाढला की पुढील हंगामात लागवड वाढते. नाशिक जिल्ह्यात कांदा अधिक झाला तर तो मुंबईस किंवा नागपुरास पाठविता येतो, आणि काही महिन्यांत भाव खाली येतात. घराचे तसे नाही. घर जागचे हलविता येत नाही. एखाद्या तालुक्याच्या गावी शंभर घरे रिकामी असली, तरी ठाण्यातील कामगाराची अडचण त्यामुळे दूर होत नाही. म्हणूनच घरांचा बाजार हा नेहमी स्थानिक बाजार असतो. रेल्वेमार्गाच्या एका बाजूस एक भाव आणि दुसऱ्या बाजूस निराळा भाव, असे एकाच उपनगरात आढळून येते.

दुसरे असे की, घराचा पुरवठा अत्यंत संथ असतो. जमिनीची मालकी निर्वेध आहे किंवा नाही याची खात्री, अकृषिक आकारणी, नकाशांना मंजुरी, प्रत्यक्ष बांधकाम, पाण्याची व मलनिःसारणाची जोडणी आणि अखेरीस भोगवटा प्रमाणपत्र, या सर्व पायऱ्या ओलांडून इमारत राहण्याजोगी होईपर्यंत कित्येक वर्षे जातात. मागणी मात्र एखादा कारखाना, महाविद्यालय किंवा रेल्वेस्थानक येताच वाढते. मागणी आणि पुरवठा यांच्यामधील या कालावधीत जी ओढाताण होते, तीच प्रथम भावात दिसून येते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. घर म्हणजे केवळ विटा, सिमेंट व लोखंड नव्हे. ते एका विशिष्ट जागी असते. बांधकामाचा खर्च गावोगाव फारसा बदलत नाही. तथापि एकाच प्रकारच्या दोन खोल्यांची किंमत दादरला आणि दर्यापूरला सारखी नसते. हा जो फरक आहे, तो जागेचे मोल होय.

फळ्यावर मांडता येईल असे गणित

जागेचे मोल कसे ठरते, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या वस्तीत तयार घर चौरस मीटरला ६०,००० रुपये भावाने विकले जाते. बांधकामास २५,००० रुपये लागतात. शुल्क, व्याज आणि बांधणाऱ्याचा नफा मिळून १५,००० रुपये होतात. उरले २०,००० रुपये. जमीन घेताना बांधणारा जास्तीत जास्त एवढीच रक्कम मालकास देऊ शकतो.

आता घराचा भाव १० टक्क्यांनी वाढून ६६,००० रुपये झाला आणि अन्य खर्च तेवढाच राहिला असे मानू. उरणारी रक्कम २६,००० रुपये होते. म्हणजेच जमिनीचे मोल एकदम ३० टक्क्यांनी वाढते. उलटपक्षी घराचा भाव १० टक्क्यांनी उतरून ५४,००० रुपये झाला, तर जमिनीसाठी १४,००० रुपयेच उरतात. तिचे मोल ३० टक्क्यांनी घटते.

या साध्या गणितातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, तेजीच्या अपेक्षेने जमीनमालक जमीन अडवून का धरतो, याचा उलगडा होतो. घराच्या भावात थोडी वाढ झाली तरी त्याचा लाभ अनेक पटींनी होतो. दुसरा असा की, मंदीत भाव लगेच उतरत नाहीत, प्रथम व्यवहार थांबतात. कारण चढ्या दराने जमीन घेतलेला बांधणारा तोटा पत्करण्याऐवजी वाट पाहणे पसंत करतो. तिसरा निष्कर्ष प्रशासनाच्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. सिमेंट स्वस्त झाले किंवा एखादे शुल्क माफ झाले, म्हणून ग्राहकास घर स्वस्त मिळेलच असे नाही. वाचलेली रक्कम पुष्कळदा जमिनीच्या किमतीत मुरते. भाव खाली यायचे तर त्या परिसरात राहण्याजोग्या घरांची संख्या वाढली पाहिजे. त्यास दुसरा पर्याय नाही.

मुंबईचा शंभर वर्षांचा धडा

मुंबईचा गेल्या शतकाचा इतिहास म्हणजे या विषयाचे एक पाठ्यपुस्तकच आहे. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीचा धोका सर्वांच्या ध्यानात आला. १८९८ साली शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. त्याने रस्ते रुंद केले, दादर-माटुंगा भागात नवे भूखंड आखले. पुढे १९२० च्या दशकात सरकारच्या विकास विभागाने वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. बी.डी.डी. चाळी म्हणून त्या आजही ओळखल्या जातात. एका खोलीचे ते घर होते; परंतु कामगाराच्या कामाच्या जागेपासून ते जवळ होते आणि त्याच्या वेतनात बसणारे होते. शासनसंस्थेने स्वतः बांधकाम केले, तेव्हा पुरवठ्यात भर पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीच्या काळात शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली. भाडेकरूंना संरक्षण देण्यासाठी १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण अधिनियम आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते प्रमाण भाडे मानण्यात आले. तत्कालीन परिस्थितीत हे पाऊल आवश्यकच होते. त्यामुळे हजारो कुटुंबे रस्त्यावर येण्यापासून वाचली. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय अर्धशतक टिकला. भाडे गोठले, मात्र रंगसफेदी, गवंडीकाम आणि कर गोठले नाहीत. मालकांनी दुरुस्ती सोडून दिली, भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे थांबले आणि पागडीची प्रथा रुजली. जुन्या इमारती कोसळू लागल्याने १९६९ साली दुरुस्ती व पुनर्रचना मंडळासाठी कायदा करावा लागला. त्या वेळी उपकरप्राप्त इमारतींची संख्या सुमारे १९,६०० होती. पुढे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठविलेल्या प्रमाण भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरल्याचे मत नोंदविले आणि १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्यात दरसाल ४ टक्के भाडेवाढीस मुभा देण्यात आली.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा अधिनियमाचा हेतूही स्तुत्य होता. मोजक्या हाती साठलेली मोकळी जमीन काढून घेऊन ती गरजूंच्या घरांसाठी वापरावी, असा तो हेतू होता. मुंबईत मोकळ्या जमिनीसाठी ५०० चौरस मीटर ही मर्यादा होती. प्रत्यक्षात बऱ्याच जमिनी सवलतीचे अर्ज, अपिले आणि न्यायालयीन वाद यांत अडकल्या. त्या मालकांकडून मोकळ्या झाल्या नाहीत आणि गरिबांच्या घरांसाठीही अपेक्षेएवढ्या मिळाल्या नाहीत. शहरातील जमिनीचा पुरवठा आटला. महाराष्ट्रात हा कायदा २००७ च्या नोव्हेंबरमध्ये रद्द झाला.

तिसरे साधन चटईक्षेत्र निर्देशांकाचे. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, हे तो ठरवितो. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहर भागासाठी तो १.३३ आणि उपनगरांसाठी १ असा होता. पाणी, रस्ते व शाळा यांवर ताण पडू नये हा त्यामागील विचार रास्तच होय. परंतु ज्या शहरास तिन्ही बाजूंनी समुद्र आणि खाड्यांनी वेढले आहे, तेथे जमीन थोडी आणि त्यावर बांधकामही थोडे, असे झाले म्हणजे घरे महागणे क्रमप्राप्तच आहे. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन योजनेसाठी, आणि २०१८ मध्ये मंजूर झालेल्या नव्या विकास नियमावलीत अधिमूल्य भरून, वाढीव बांधकामास वाव देण्यात आला. मात्र निर्देशांक वाढविताना नळ आणि रस्ता न वाढविल्यास घराची टंचाई जाऊन पाण्याची टंचाई येते, हेही अनेक वस्त्यांनी अनुभवले आहे.

या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र आहे. भाडे गोठवून, जमिनीवर मर्यादा घालून किंवा बांधकाम रोखून किंमत अथवा गर्दी आवरण्याचा प्रयत्न झाला. पण घरांची संख्या वाढविण्याचे काम त्याच गतीने झाले नाही. जे आधीपासून घरात होते त्यांना काहीसे संरक्षण मिळाले. भार पडला तो मागाहून येणाऱ्यांवर, आणि चाळीत जन्मलेल्या पुढच्या पिढीवरही. गिरणगावातील मुले विरार, बदलापूर, टिटवाळ्याच्या गाड्यांमध्ये का उभी असतात, याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे सापडते.

भावांचे चढउतार

घरांचे भाव सदैव वरच जातात, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात मुंबईतील भाव झपाट्याने वाढले आणि दशकाच्या उत्तरार्धात ते उतरले. उच्चांकास घर घेतलेल्यांना पुढे कित्येक वर्षे थांबावे लागले. २००४ नंतर गृहकर्जे सुलभ झाली व पुन्हा तेजी आली. २०१४ नंतरची काही वर्षे बाजार बहुतांशी मंदावलेला होता. २०२० च्या सप्टेंबरपासून राज्य शासनाने मुद्रांक शुल्कात तात्पुरती कपात केली, तेव्हा दस्तनोंदणीत मोठी वाढ झाली. टाळेबंदीने थांबलेले व्यवहार त्यामुळे मार्गी लागले.

कर्जाची सोय ही मागणी वाढविते, हे येथे लक्षात ठेवावे. कर्ज स्वस्त झाले आणि घरे तेवढीच राहिली, तर कर्जाचा लाभ विकणाऱ्याच्या पदरी पडतो. कर्ज आणि घरे दोन्ही वाढली, तरच तो घेणाऱ्यास मिळतो.

रिकामी घरे, दाटीची घरे

आता आरंभी मांडलेल्या विसंगतीकडे वळता येईल. केंद्र शासनाने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशाच्या शहरी भागातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचा अंदाज दिला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांतील होती, आणि तुटीचा बहुतांश भाग छप्पर नसलेल्यांचा नव्हे, तर दाटीवाटीने राहणाऱ्या कुटुंबांचा होता. याच सुमारास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत, देशातील शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी आढळली. ही घरे ज्यांना परवडतात त्यांना त्यांची गरज नसते, आणि ज्यांना गरज असते त्यांना ती परवडत नाहीत. काही घरे तर कामाच्या ठिकाणापासून इतकी दूर असतात की तेथे राहणे शक्य नसते.

याला जोडून आणखी एक बदल झाला. १९६१ साली शहरी कुटुंबांपैकी ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ साली हे प्रमाण २८ टक्क्यांवर आले. नव्याने नोकरीस लागलेला शिक्षक किंवा परिचारिका यांना पहिली काही वर्षे भाड्याचेच घर लागते. ते मिळेनासे झाले की स्वतःचे घर घेण्याची घाई होते आणि मागणीचा सर्व भार विक्रीच्या बाजारावर पडतो.

शहरालगतच्या गावांत काय घडते

शहराच्या हद्दीत घर परवडत नाही, तेव्हा माणूस हद्दीबाहेर पाहतो. तेथे गुंठेवारी सुरू होते. शेतीचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकले जातात. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. त्यात घर उभे राहते, परंतु रस्ता, गटार, शाळा आणि मैदान यांसाठी कोणीच जागा सोडत नाही. घेणाऱ्याचे नाव सात-बारावर लागत नाही, म्हणून बँक कर्ज देत नाही. पुढे पाणी मागण्यासाठी हीच कुटुंबे ग्रामपंचायतीच्या दारात येतात. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी २००१ साली गुंठेवारी विकास अधिनियम करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली. नियमितीकरणाने कागद मिळतो. परंतु न सोडलेला रस्ता त्याने मिळत नाही.

विकणाऱ्या शेतकऱ्याची स्थितीही पाहण्यासारखी आहे. पहिल्या दलालास त्याने एकराच्या भावाने जमीन दिलेली असते. दहा वर्षांनी त्याच जमिनीवरील इमारतीत त्याच्या मुलास सदनिका घ्यावयाची झाल्यास, जमिनीची आलेली सर्व रक्कम त्यासाठी पुरत नाही. गाव वाढले, पण गावातील मुलाला गावात घर राहिले नाही, अशी ही अवस्था होते.

भूमिहीनांची अडचण तर याहून मोठी आहे. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये अनुदान ठरविण्यात आले. परंतु ज्याच्याजवळ जागाच नाही, त्याला या अनुदानाचा लाभ घेता येईना. त्यासाठी राज्यात २०१५ साली पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना सुरू करण्यात आली होती. शहराप्रमाणेच खेड्यातही अडचण भिंतींपेक्षा जागेची अधिक आहे, याची ही साक्ष होय.

आधी रस्ता, मग घर

यावर उपाय नवा नाही. तो याच प्रदेशात जन्मास आला आहे. १९१५ च्या मुंबई नगररचना अधिनियमाने नगररचना परियोजनेची पद्धत घालून दिली. या पद्धतीत जमीन सक्तीने संपादित केली जात नाही. परिसरातील सर्व मालकांच्या जमिनी एकत्र धरल्या जातात. प्रत्येकाच्या जमिनीतून रस्ते, बागा व शाळांसाठी ठराविक हिस्सा घेतला जातो, आणि उरलेली जमीन नीट आखलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपाने त्याच मालकास परत मिळते. क्षेत्र घटते, मोल वाढते, आणि वाढलेल्या मोलातून सोयींचा खर्च भागविता येतो. वांद्रे, खार, सांताक्रूझ, विलेपार्ले येथील सरळ रस्त्यांच्या वस्त्या अशाच परियोजनांतून आकारास आल्या. पुढे महाराष्ट्रात ही पद्धत मागे पडली. गुजरातने मात्र ती चालू ठेवली आणि अहमदाबादच्या विस्तारात तिचा मोठा उपयोग केला. अलीकडे पुणे महानगर प्रदेशात म्हाळुंगे-माण येथे आणि नवी मुंबई विमानतळालगतच्या क्षेत्रात तिचा पुन्हा अवलंब होऊ लागला आहे.

नवी मुंबईचा अनुभव दोन्ही अंगांनी बोलका आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभारण्याचे ठरले. जमीन आधी हाती आल्यामुळे रस्ते, रेल्वे आणि वसाहती एकत्र आखता आल्या. परंतु ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना वाढलेल्या मोलात वाटा नव्हता. १९८४ च्या जानेवारीत जासई परिसरातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांना प्राण गमवावे लागले. त्यानंतर १९९० च्या दशकात प्रकल्पग्रस्तांना विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना अमलात आली. जमिनीचे मोल ज्या सार्वजनिक निर्णयाने वाढते, त्या वाढीत मूळ गावकऱ्याचा वाटा असला पाहिजे, हे तत्त्व फार मोठी किंमत देऊन मान्य झाले. इतर गावांना ते एवढ्या उशिरा शिकण्याचे कारण नाही.

स्थानिक संस्थांनी लक्षात घ्यावयाच्या बाबी

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद यांना बाजाराचा कल जाणण्यासाठी मोठ्या संशोधनाची गरज नाही. पुढील माहिती दरवर्षी एका नोंदवहीत लिहिली, तरी चित्र स्पष्ट होते.

१. शीघ्रसिद्धगणकातील दर आणि दुय्यम निबंधकाकडे प्रत्यक्ष नोंदलेल्या व्यवहारांची रक्कम यांत किती अंतर आहे. अंतर वाढत असेल तर जमिनीवर ताण येत आहे, असे समजावे.

२. वर्षात किती घरांना बांधकाम परवानगी मिळाली, आणि किती प्रत्यक्ष पूर्ण होऊन राहती झाली. परवानग्या वाढूनही पूर्ण घरे वाढत नसतील, तर अडथळा पाणी, रस्ता वा कर्ज यांपैकी कोठे आहे, हे शोधावे.

३. साध्या दोन खोल्यांचे मासिक भाडे किती आहे. विक्रीचा भाव गुंतवणुकीच्या लोभानेही फुगतो; भाडे मात्र राहण्याची खरी गरज दाखविते.

४. करआकारणी नोंदवहीत असलेली, परंतु बंद राहणारी घरे किती आहेत.

५. गावठाणाबाहेर किती घरे उभी राहिली आणि त्यांपैकी सक्षम प्राधिकरणाची परवानगी किती घरांना आहे.

६. शाळा, दवाखाना, स्मशान, बाजार आणि भूमिहीनांची घरे यांसाठी गायरान व अन्य सार्वजनिक जागांपैकी किती जागा आज शिल्लक आहे.

नव्या इमारतीत घर घेणाऱ्यांनाही काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. १ मे २०१७ पासून राज्यात स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले. ५०० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणी आवश्यक ठरली, आणि ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आले. अनामत देण्यापूर्वी नोंदणी क्रमांक व सात-बारा पाहण्याचा परिपाठ शिक्षकांनी पालकसभेतून सांगितला, तरी अनेक कुटुंबांची आयुष्यभराची पुंजी वाचू शकेल.

घराची किंमत बाजार ठरवितो, हे खरे. परंतु बाजारात येणारी जागा, तिला मिळणारे पाणी आणि तिच्यापर्यंत पोहोचणारा रस्ता यांचे निर्णय ग्रामसभेत, नगरपरिषदेच्या सभागृहात आणि जिल्हा कार्यालयात होत असतात. ते निर्णय दलालाच्या आधी झाले तर गाव नीट वसते आणि गावकऱ्यास त्यात वाटा मिळतो. मागाहून झाले तर केवळ नियमितीकरणाचे अर्ज स्वीकारणे एवढेच काम उरते. आज ज्या गावांच्या शिवारात पहिली मोजणीची खूण रोवली जात आहे, त्यांच्या हाती अद्याप वेळ आहे.